दिवाळे कंपनीचे आणि दिवाळे माणसाचे

दादरच्या बाजारात किंवा गिरगावात ज्याची पेढी एकट्याच्या नावावर चालते, त्याचा बहुधा असा समज असतो की पेढीचे देणे ते पेढीचे आणि बिऱ्हाड ते आपले. परंतु कायदा हा भेद मानीत नाही, आणि धंदा बुडाला की धनको गल्ल्यापाशी न थांबता राहत्या खोलीपर्यंत येऊ शकतो. भागीदारीची गतही तीच. कंपनी मात्र स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असल्याने तिच्या दिवाळ्यातून भागधारकाचे घरदार सुटते. अर्थात बँकेच्या कागदावर त्याने हमीदार म्हणून सही ठोकली नसेल तर!

कंपन्यांसाठी २०१६ ची दिवाळखोरीची संहिता आहे. किमान एक कोटीची थकबाकी असेल तर धनकोस, अथवा खुद्द कंपनीस, न्यायाधिकरणाकडे जाता येते. दावे स्थगित होतात, कारभार संचालकांच्या हातून जातो, आणि साधारणतः ३३० दिवसांत पुनरुज्जीवनाची योजना धनकोंच्या पसंतीस न उतरल्यास मालमत्तेची विक्री होते. त्या विक्रीत कामगारांचे मागील चोवीस महिन्यांचे देणे तारणधारक बँकांच्या बरोबरीने बसते. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या आजारी पडत असताना, १९८५ साली, कामगाराला ही बरोबरीची पंगत प्रथम मिळाली.

सामान्य माणसाला मात्र, मुंबईपुरता, अद्याप १९०९ चाच नादारीचा कायदा लागू आहे. नव्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या हमीदारांपुरता अमलात आला. उच्च न्यायालयाने नादार ठरविले की मिळकत ‘ऑफिशियल असायनी’ या अधिकाऱ्याच्या स्वाधीन होते व तो ती विकून धनकोंत वाटप करतो. नादाराकडे राहतात ती धंद्याची हत्यारे, कपडेलत्ते, अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाची भांडी, सर्व मिळून तीनशे रुपयांपर्यंतची! ही रक्कम मूळ कायद्यातली. आजच्या बाजारात तिच्यात एक धड कुकरही येत नाही, आणि कंपनीला जी सवड मिळते तिच्याशी ताडून पाहता हा अन्याय मला उघड दिसतो. तरीही पुढे न्यायालयाने मुक्ततेचा हुकूम दिला, की सरकारी देणी, लबाडीने केलेले कर्ज असे अपवाद वगळता जुन्या ऋणातून सुटका होते, हा लाभ लहान नव्हे.

अब्रूच्या धास्तीने घर मेहुण्याच्या नावे करून मग अर्ज करू पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की नादारीपूर्वीच्या दोन वर्षांतले असे फुकटचे हस्तांतरण रद्दबातल ठरते. वकिलाकडे जाताना वह्या, करारपत्रे आणि सर्व धनकोंची खरी यादी, नातेवाइकांच्या उसनवारीसकट, बरोबर न्यावी.