कुंभकोणमचे विड्याचे पान आणि प्रयोगशाळेतील आकडे

तंजावर जिल्ह्यात कावेरीच्या गाळाच्या जमिनीवर पिकणाऱ्या कुंभकोणमच्या विड्याच्या पानाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन लाभलेल्या मालाचे गुण आकड्यांत मांडण्याचा मोह विक्रेत्यास होतोच, आणि विड्याच्या पानाबाबत तो आकडा बहुधा अँटिऑक्सिडंट क्षमतेचा असतो. रामटेकच्या कपुरी पानाचा किंवा मिरज भागातील पानमळ्यांचा माल त्याच्याशी ताडून पाहताना हा आकडा कसा येतो, हे जाणणे अगत्याचे आहे.

पानाची तिखट, सुगंधी चव युजेनॉल, चॅव्हिबेटॉल, हायड्रॉक्सीचॅव्हिकॉल अशा फिनॉलवर्गीय घटकांमुळे येते. हेच घटक मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात. डीपीपीएच या प्रचलित चाचणीत जांभळ्या द्रावणात पानाचा अर्क मिसळून ते अंधारात ठेवतात व ५१७ नॅनोमीटरवर रंग किती फिकटला ते मोजतात. अर्काचा स्वतःचा हिरवा रंग वजा केला नाही, तर मापन तेथेच चुकते. रंग निम्म्यावर आणण्यास लागणारी अर्काची मात्रा म्हणजे आयसी-५०. ती जितकी कमी, तितका अर्क प्रभावी. जाहिरातींत मात्र मोठा आकडाच मिरवला जातो.

फोलिन-सिओकाल्टू चाचणीचा निष्कर्ष गॅलिक आम्लाच्या तुल्यांकात देतात. तिला 'एकूण फिनॉल' म्हणत असले, तरी क जीवनसत्त्व व क्षपणकारी शर्करा यांनाही ती प्रतिसाद देते. फ्रॅप चाचणी केवळ लोहाचे क्षपण मोजते. तिन्हींचे आकडे परस्परांशी ताडणे म्हणजे मण आणि मैल यांची तुलना करणे होय.

सर्वाधिक फसगत पाण्यामुळे होते. ताज्या पानात सुमारे ८५ टक्के पाणी धरले, तर १०० ग्रॅम पानात शुष्क पदार्थ १५ ग्रॅमच उरतो. समजा, ताज्या वजनावर १५० मिलिग्रॅम तुल्यांक मिळाला. तोच माल शुष्क वजनावर १००० दाखवील. पान बदललेले नाही, भाजक तेवढा बदलला आहे. वाळवण्याची रीतही परिणाम करते, कारण युजेनॉल बाष्पनशील असून भट्टीच्या उष्णतेत उडून जाते.

परीक्षानळीतील क्षमता शरीरातील परिणाम सिद्ध करीत नाही. याच कारणास्तव व आकड्यांच्या व्यापारी गैरवापरामुळे अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१२ मध्ये आपली ओरॅक सारणी मागे घेतली. शिवाय पानाचा गुण विड्याला लागू होत नाही: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्ककारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

नमुने धाडणाऱ्या पानमळेवाल्याने एकाच वयाची, वेलीवरील एकाच उंचीची पाने एकाच दिवशी खुडावीत. विद्रावक, वाळवणीची पद्धत व वजनाचा आधार अहवालात लिहून घ्यावा. यांपैकी एकही नोंद नसलेला अहवाल शेजारच्या मळ्याशी तुलना करण्यासही निरुपयोगी आहे.