चार व्होल्टच्या बॅटरीतून हजार व्होल्ट येतात कुठून?

बेळगाव : पाऊस लागला की घरोघरी डास मारायची रॅकेट बाहेर निघते. आत बॅटरी चार व्होल्टच्या आसपास, पण जाळीवर हजार व्होल्टच्या वर दाब. हे जमतं कसं?

बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. रॅकेटमधलं छोटं सर्किट आधी तो उलटसुलट करतं आणि ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब काही शे व्होल्टवर नेतो. पुढचं काम डायोड आणि कपॅसिटरचं. डायोड म्हणजे पंपाचा फूटव्हॉल्व्ह : पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. कपॅसिटर म्हणजे टाकी.

समजा, ट्रान्सफॉर्मरमधून जास्तीत जास्त 400 व्होल्ट येतात. प्रवाह एका दिशेला असताना पहिला कपॅसिटर 400 पर्यंत भरतो. दिशा उलटली तरी पहिला डायोड त्याला मागे रिकामं होऊ देत नाही. आता ट्रान्सफॉर्मरचे 400 आणि कपॅसिटरचे 400 यांची बेरीज होते आणि दुसऱ्या डायोडमधून पुढचा कपॅसिटर 800 पर्यंत भरत जातो. एका झटक्यात नाही, बऱ्याच फेऱ्यांत. आणखी दोन डायोड, दोन कपॅसिटर जोडले की 1600.

याच युक्तीने कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी केंब्रिजमध्ये काही लाख व्होल्ट तयार केले आणि 1932 साली लिथियमचा अणुगर्भ फोडला. त्यासाठी 1951 चं नोबेल त्यांना मिळालं.

पण जमाखर्च जुळावाच लागतो. दाब चौपट झाला तर प्रवाह चौथ्या हिश्शाहूनही कमी होतो. म्हणून डास मरतो, आपल्या बोटाला मात्र बहुतेक वेळा नुसता झटका बसतो.

खरा धोका वेगळाच आहे. बऱ्याच स्वस्त रॅकेटमध्ये चार्जिंगसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर नसतो. आतलं सर्किट थेट घरच्या 230 व्होल्टच्या लाईनला जोडलेलं असतं. तिथे प्रवाह कमी पडत नाही. त्यामुळे प्लग लावलेला असताना बटण दाबू नका, जाळीला हात लावू नका, पोरांच्या हाती तर देऊच नका.

दुसरं म्हणजे, बटण सोडल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरू शकतो. जाळी साफ करायची असेल तर प्लग काढलाय ना ते बघा, मग प्लास्टिक मुठीचा स्क्रू ड्रायव्हर बाहेरच्या आणि मधल्या जाळीला एकदम टेकवा. 'टक्क' आवाज आला तर समजा, टाकी भरलेली होती.