वॉर्डात जीव गेला, तर गुन्हा कोणावर? नर्सची कायदेशीर जबाबदारी समजून घेताना

"डॉक्टर, त्या रात्रीच्या सिस्टरवर केस करता येते का?"

हा प्रश्न माझ्या दवाखान्यात वर्षातून दोन-चार वेळा तरी येतो. विचारणारा माणूस भांडखोर नसतो. आई किंवा बाळ गेलेले असते, महिना उलटलेला असतो आणि डोक्यात एकच चित्र फिरत असते: आपण सिस्टरला हाक मारली आणि ती आली नाही. किंवा तिने इंजेक्शन दिले आणि लगेच तब्येत बिघडली. घरच्यांना मोठे डॉक्टर फार कमी वेळा दिसतात, सिस्टर चोवीस तास दिसते. म्हणून राग सर्वात आधी तिच्यावर जातो.

राग खरा असतो. पण कायदा एकेक गोष्ट वेगळी करून तपासतो. त्याचे कोणते दार कशासाठी आहे हे माहीत नसेल, तर खरी तक्रारही वाया जाते.

विष्णुपुरीत काय झाले होते?

नांदेडजवळच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बालके होती. दोन दिवसांचा आकडा ३१ वर गेला. एका बाळंतिणीच्या नातेवाइकांच्या तक्रारीवरून अधिष्ठाता आणि एका डॉक्टरवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला गेला. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्य सरकारला रिक्त पदे व औषधखरेदीबद्दल विचारणा केली.

म्हणजे एकाच घटनेबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारले गेले. पोलिसांपुढचा प्रश्न होता, "गुन्हा कोणी केला?" न्यायालयाचा प्रश्न होता, "व्यवस्था कुठे कमी पडली?" हे दोन्ही प्रश्न गरजेचे आहेत, पण एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही.

हा फरक नर्सेसना सर्वात जास्त भोवतो. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बालके गेली, त्यानंतर दोन नर्सेसवर गुन्हा नोंदवला गेला. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला ६ नोव्हेंबर २०२१ रोजी आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण गेले. तेव्हा एक महिला डॉक्टर आणि तीन नर्सेसना अटक झाली. गुन्हा नोंदवणे किंवा अटक होणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे इथे लक्षात ठेवा.

चूक, अपघात आणि गुन्हा

उपचारात वाईट घडले म्हणजे गुन्हा झालाच असे नाही. काही उदाहरणे पाहू.

- सलाईनच्या जागी हात सुजला, लाल झाला. काळजी घेऊनही असे होऊ शकते.
- ॲलर्जी आहे का हे विचारून औषध दिले, तरी रिॲक्शन आली. हा दुर्दैवी अपघात आहे.
- सिस्टर एका रुग्णाला झटके येत असताना त्याच्याजवळ होती, म्हणून दुसऱ्याचे औषध उशिरा दिले गेले. इथे वॉर्डात किती रुग्णांमागे किती सिस्टर होत्या, हे आधी विचारावे लागते.
- केसपेपरवर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असताना न वाचताच ते इंजेक्शन दिले. किंवा पोटॅशियम क्लोराइड, जे सलाईनमध्ये मिसळून हळूहळूच द्यायचे असते, ते थेट शिरेत ढकलले. हा घोर निष्काळजीपणा ठरू शकतो आणि इथे फौजदारी कायदा लागू होतो.

ही रेषा सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २००५ रोजी जेकब मॅथ्यू खटल्यात आखली. लुधियानाच्या एका रुग्णालयात १९९५ साली रुग्णाला श्वास घेता येईना, ऑक्सिजनचा सिलिंडर जोडला तर तो रिकामा निघाला आणि रुग्ण गेला. डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. न्यायालयाने सांगितले की, सिलिंडर भरलेला नव्हता याबद्दल रुग्णालय नुकसानभरपाईला जबाबदार ठरू शकते, पण या डॉक्टरांवर फौजदारी खटला चालणार नाही. फौजदारी शिक्षेसाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो घोर असावा लागतो. त्या परिस्थितीत कोणताही साधारण समंजस व्यावसायिक जे करणार नाही, असे काही केलेले असावे लागते. पोलिसांनी आधी स्वतंत्र डॉक्टरचे मत घ्यावे, शक्यतो सरकारी सेवेतील, असेही न्यायालयाने सांगितले. हा निकाल डॉक्टरांबद्दलचा असला, तरी घोर निष्काळजीपणाची ही कसोटी नर्सचे काम तपासतानाही उपयोगी पडते.

"डॉक्टरांनी सांगितले म्हणून दिले" हे पुरते का?

पूर्णपणे नाही. नर्स ही प्रशिक्षित, नोंदणीकृत व्यावसायिक आहे. डोस उघड चुकीचा दिसत असेल, तर थांबून डॉक्टरांना विचारणे हे तिचे कर्तव्य आहे. तशीच आदेश देणाऱ्या डॉक्टरचीही स्वतःची जबाबदारी असते. एकाकडे बोट दाखवून दुसरा सुटत नाही.

म्हणूनच चांगली सिस्टर प्रत्येक वेळी रुग्णाचे नाव विचारते, केसपेपर पाहते आणि फोनवरचा आदेश डॉक्टरांकडून लिहून मागते. घाईत तुम्हाला हे टाळाटाळीसारखे वाटेल. पण ही सावधगिरी तुमच्या माणसासाठीच असते.

नवा कायदा नर्ससाठी जास्त कडक

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आधीच्या कलम ३०४-अ नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास सर्वांनाच जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. नव्या कलम १०६(१) मध्ये ही मर्यादा पाच वर्षे झाली. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून असे घडले, तर मात्र दोन वर्षेच ठेवली आहेत. ही सवलत राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार नोंदणी असलेल्यांपुरती आहे. त्या व्याख्येत नर्स बसत नाही. म्हणजे एकाच खाटेजवळ, एकाच रात्री, सारखीच चूक सिद्ध झाली, तर डॉक्टरला कमाल दोन वर्षे आणि सिस्टरला कमाल पाच वर्षे. मी स्वतः डॉक्टर असूनही मला हे न्याय्य वाटत नाही.

भरपाईसाठी नाव सापडलेच पाहिजे असे नाही

आपल्या मराठवाड्यातलाच एक खटला यासाठी समजून घ्या. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोट दुखू लागले, ताप आला. पुन्हा पोट उघडले, तेव्हा आत टॉवेल राहिलेला सापडला. काही दिवसांत त्या गेल्या. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल १९९६ साली लागला. टॉवेल पोटात राहतो हाच निष्काळजीपणाचा पुरावा, असे न्यायालयाने मानले. कर्मचाऱ्यांच्या चुकीबद्दल राज्य सरकारला जबाबदार धरून ३६,००० रुपयांची भरपाई कायम केली.

लागलेली ३३ वर्षे आणि मिळालेली रक्कम पाहून वाईट वाटते. तरी त्यातले तत्त्व फार कामाचे आहे. भरपाई संस्थेकडून मागता येते. शिक्षा मात्र ठरावीक व्यक्तीची ठरावीक कृती सिद्ध झाल्याशिवाय होत नाही.

तुमच्यासमोर कोणती दारे आहेत?

- ग्राहक आयोग: खासगी रुग्णालयात पैसे देऊन उपचार घेतले असतील तर. मुदत साधारण दोन वर्षांची. टायफॉइडच्या एका मुलाला नर्सने चुकीचे इंजेक्शन शिरेतून दिल्याने मेंदूला इजा झाली होती. १९९८ च्या त्या स्प्रिंग मेडोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयालाच जबाबदार धरले.
- दिवाणी न्यायालय: सर्वांना मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात सहसा जाता येत नाही. अशा वेळी हा मार्ग आहे.
- महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल: नर्सच्या व्यावसायिक वर्तनाबद्दल किंवा नोंदणीबद्दल तक्रार असेल तर.
- पोलीस: घोर निष्काळजीपणाचा ठोस आधार असेल तर.

त्या वेळी काय करावे?

१. काय घडले ते वेळेसह त्याच दिवशी लिहून ठेवा. "सिस्टर आली नाही" यापेक्षा "२ वाजून १० मिनिटांनी बोलावले, २ वाजून ४० मिनिटांनी आली" हे जास्त उपयोगी पडते.

२. केसपेपरची प्रत लेखी अर्जाने मागा. नर्सिंग चार्ट आणि औषधांचा तक्ता विसरू नका. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत कागद मिळायला हवेत.

३. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल, तर शवविच्छेदनाला नकार देऊ नका. मन तयार होत नाही, हे मला माहीत आहे. पण नंतर हा पुरावा परत मिळत नाही.

४. औषधांच्या रिकाम्या बाटल्या तुमच्याकडे असतील तर जपून ठेवा. बिले आणि चिठ्ठ्याही सांभाळा.

५. ते कागद त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या डॉक्टरला दाखवा आणि मगच तक्रार लिहा. तक्रारीत आधी घटना लिहा, आरोप नंतर.

६. कोणावरही हात उचलू नका. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार डॉक्टर, नर्स किंवा नर्सिंगच्या विद्यार्थिनीवर हल्ला करणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे. शिवाय तोडफोडीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. न्याय मागायला आलेले घर मग आरोपी होऊन बसते.

दवाखान्यात "सिस्टरवर केस" विचारायला आलेल्यांना मी आधी बसायला सांगतो, पाणी देतो आणि कागद मागतो. कधी त्या कागदांत खरोखरच अक्षम्य चूक सापडते. मग वकिलाकडे जा, असे मी स्वतः सांगतो. पण बऱ्याचदा दिसते ते असे: एकटी सिस्टर, भरलेला वॉर्ड आणि डॉक्टरांना केलेल्या तीन फोनची नोंद. अशा वेळी तक्रार करूच नका, असे मी म्हणत नाही. वॉर्डात एकच सिस्टर का होती, हा प्रश्न तक्रारीत सर्वात वर लिहा, एवढे सांगतो.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या प्रकरणात पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्या.)