एकमत होईपर्यंत थांबणारे गाव

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघाले की धानोऱ्याच्या थोडे अलीकडे मेंढा लागते. शेजारच्या लेखा गावासोबत नाव घेतले जाते म्हणून बाहेरचे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. शंभरेक घरांची गोंडांची वस्ती, भोवती बांबूचे दाट रान. धानाच्या शेतीवर वर्ष निघत नाही. मोहफुले, तेंदूपाने, चारोळी, मध यांवर उरलेले भागते.

ऐंशीच्या दशकात गोदावरीवर इचंपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम ही धरणे होऊ घातली, तेव्हा मेंढ्याचे लोक 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलनात उतरले. त्यातूनच पुढे गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाचा स्वराज्याचा प्रयोग उभा राहिला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा महाराष्ट्रभर गेली.

घोषणेमागची शिस्त मात्र फारशी कोणी पाहिली नाही. इथल्या ग्रामसभेत बहुमत चालत नाही. एकाचाही विरोध असेल, तर विषय पुढच्या सभेवर जातो. अभ्यासगट वेगळा बसतो. तिथे कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला प्रश्न विचारायचे, मनसोक्त वाद घालायचा. निर्णय मात्र ग्रामसभेतच. यात वेळ जातो, आणि तो जायलाच हवा असे माझे मत आहे. मतदानात हरलेला माणूस जंगलाचा नियम मनापासून का पाळेल? ज्याच्या होकाराशिवाय नियमच झाला नाही, तो राखणीलाही जातो.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना. १९२७ च्या वन कायद्याने बांबू हे झाड ठरवले होते, तर नव्या कायद्याने गौण वनोपज. वनखाते जुन्याला धरून वाहतूक परवाना देईना. गाव अडून बसले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. कागद गिरण्यांसाठी वर्षानुवर्षे ज्या रानातून बांबू तोडला जात होता, तिथे तोड कधी, किती आणि कोणत्या भावाने, हे आता गाव ठरवू लागले. गावच्याच माणसांना मजुरी मिळू लागली.

२०१३ मध्ये गावाने आणखी पुढची गोष्ट ठरवली: महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ प्रमाणे स्वतःच्या शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करायच्या. कसणारा तोच राहतो, पण बाहेरच्याला जमीन विकता येत नाही. हाही निर्णय अर्थातच सर्वांच्या होकारानेच झाला.