शेजाऱ्याचा चेंडू, तिसऱ्याचं नुकसान

गेल्या आठवड्यात आपण विनू मांकड यांच्यापाशी थांबलो होतो. डिसेंबर १९४७, सिडनीची कसोटी, चेंडू हातातून सुटायच्या आत क्रीज सोडून निघालेला बिल ब्राउन आणि मांकडांनी उडवलेल्या बेल्स. गोष्ट नियमात बसणारी होती, खुद्द ब्रॅडमननी मांकडांची बाजू घेतली होती, तरी लोक नाक मुरडत राहिले. २०२२मध्ये एमसीसीने हा प्रकार गैरखेळाच्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात नेला, तेव्हा कुठे थोडी शांतता झाली. आजचा मामला बरोबर उलटा आहे. नियम ज्या गोष्टीवर डोळे वटारतो, तिलाच खेळणारे सौजन्य म्हणतात. खेळ गोल्फचा.

खोपोलीत बसून गोल्फवर लिहायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: आपला काय संबंध? संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. एक्स्प्रेसवे धरून खाली उतरलं की पनवेलच्या पुढे खारघरला सिडकोचं मैदान आहे आणि पैसे भरून कुणालाही तिथे खेळता येतं. घाट चढून गेलं तर पुण्यात येरवड्याचं जुनं मैदान. कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर फार्महाउसच्या जाहिरातींतली हिरवळ आणि झेंडा तर रोजच दिसतो. आणि खेळ बाजूला ठेवला तरी आजचा प्रश्न माणसांचाच आहे.

आधी जागा समजून घेऊ. होलभोवतीचं गालिच्यासारखं कातरलेलं गवत म्हणजे ग्रीन. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा कमीत कमी ४२.६७. समजा, तुमच्या सोबत्याचा चेंडू ग्रीनवर, होलच्या पलीकडे दोन-अडीच फुटांवर पडलाय. तुमचा ग्रीनच्या बाहेर, पंधरा-वीस पावलांवर. तुम्ही चिप, म्हणजे चेंडू थोडा उडवून सोडायचा आखूड फटका, मारता. हात जरा जड पडतो. चेंडू ग्रीनवर टेकतो, घरंगळत होलच्या काठावरून निसटतो आणि उतारावर आठ-दहा फूट पुढे जाणार, एवढ्यात ‘टक्’. सोबत्याच्या चेंडूवर आपटून तो होलपासून हातभर अंतरावर थांबतो.

आता हिशेब बघा. सोबत्याचा हललेला चेंडू उचलून मूळ जागी ठेवायचा, त्याचं काही गेलं नाही. तुमचा चेंडू मात्र थांबला तिथूनच खेळायचा. दंड नाही. चुकलेल्या फटक्याला फुकटात भिंत मिळाली. होलच्या अलीकडे पडलेला चेंडू वाट अडवू शकतो, त्यामुळे तो उचलायला सगळेच सांगतात. पलीकडच्या चेंडूबद्दल मात्र सगळ्यांची दातखीळ बसते. या भिंतीला गोल्फवाले ‘बॅकस्टॉप’ म्हणतात.

ही भिंत हटवायला लागतं एक नाणं. खाली वाकायचं, नाणं चेंडूच्या अगदी मागे सरकवायचं, मग चेंडू उचलायचा. क्रम महत्त्वाचा, कारण खूण न करता चेंडू उचलला तर एका फटक्याचा दंड. नाण्याऐवजी टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) किंवा प्लास्टिकची चकती चालते. पान, काडी, खडा चालत नाही, खूण माणसाने बनवलेल्या वस्तूचीच हवी. नाणं कुणाच्या पटच्या, म्हणजे ग्रीनवर घरंगळवायच्या फटक्याच्या, रेषेत येत असेल तर ते पटरच्या (पट मारायच्या काठीच्या) डोक्याइतकं बाजूला सरकवायचं आणि आपली पाळी आली की आठवणीने परत आणायचं. हे विसरून सरकवलेल्या जागेवरूनच पट मारणारे महाभाग प्रत्येक क्लबात असतात, त्यांना दोन फटक्यांचा दंड बसतो. खूण करायला लागणारा वेळ म्हणाल तर वही उघडून गुण लिहायला याहून जास्त लागतो.

मग नियम काय म्हणतो? सध्याच्या संहितेत, जी २०१९मध्ये बरीच सोपी करून लिहिली गेली, हा विषय १५.३ या नियमात येतो. ग्रीनवरच्या एखाद्या चेंडूची कुणाला मदत होऊ शकते असं वाटलं, तर तुम्ही आपला चेंडू खूण करून उचलू शकता आणि दुसऱ्याचा असेल तर त्याला उचलायला लावू शकता. ‘कुणाला’ हा शब्द सैल सोडलेला नाही. चेंडू ना तुमचा, फटकाही ना तुमचा, तरी गटातले तिसरे म्हणून तुम्ही ‘उचला’ म्हणू शकता. आणि स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे प्रत्येकाचे एकूण फटके मोजण्याच्या स्पर्धेत, दोघांनी मिळून ‘राहू दे तिथेच, उपयोगी पडेल’ असं ठरवलं आणि फटका मारला, तर दोघांनाही दोन-दोन फटके दंड. चेंडू चेंडूला लागो वा न लागो. नियम माहीत नव्हता ही सबब चालत नाही. माहीत असून केलं तर दोघेही स्पर्धेतून बाद.

मॅच प्लेमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, हेच संगनमत चक्क चालतं. तिथे मी माझा चेंडू तुमच्या मदतीला ठेवला तर नुकसान माझंच, सामना आपल्या दोघांचाच. मला वाटतं, सगळ्या नियमाची किल्ली या फरकात आहे. स्ट्रोक प्लेमध्ये तुमचा प्रतिस्पर्धी शेजारी उभा असलेला माणूस नसतो. तो दोन होल मागे असतो, सकाळीच खेळून घरी गेलेला असतो किंवा दुपारी यायचा असतो. खोपोली लोकलच्या तिकिटाच्या रांगेत ओळखीच्या माणसाला आपल्या पुढे घेणारा स्वतःला दिलदार समजतो, पण ती दिलदारी मागच्यांच्या खिशातून आलेली असते. ग्रीनवर तर मागचे ओरडायलाही हजर नसतात.

मोठ्या व्यावसायिकांतही हे चालतं. २०१६ची पीजीए चॅम्पियनशिप जिंकलेला जिमी वॉकर २०१८मध्ये समाजमाध्यमावर सहज बोलून गेला, त्याचा आशय असा: सोबतीचा माणूस आवडत असेल तर चेंडू ठेवतात, नसेल तर उचलतात. मोठा गदारोळ झाला. मला त्याचा प्रामाणिकपणा आवडला, विचार नाही. पुढच्याच वर्षी थायलंडमधल्या होंडा एलपीजीए स्पर्धेत अठराव्या होलवर एमी ओल्सनची चिप एरिया जुटानुगार्नच्या ग्रीनवरच्या चेंडूला लागली आणि दोघींनी हसत मुठीला मूठ लावली. ते दृश्य जगभर फिरलं. अधिकाऱ्यांनी दोघींना विचारलं, मदतीचं काही ठरलं नव्हतं असा निष्कर्ष काढला आणि दंड झाला नाही. नियमाच्या अक्षराप्रमाणे निर्णय बरोबरच. पण नियमाची दुखरी नसही तिथेच आहे: तो ठरवण्याला शिक्षा करतो, न बोलण्याला नाही. रोज एकत्र खेळणाऱ्या दोघांना बोलायची गरजच काय? एक जण चेंडूकडे बघतो, दुसरा चालत यायचं टाळतो, झालं.

नियमाला आणखी एक गाठ आहे, नवख्यांना ती तिरपागडी वाटते. फटक्याआधी दोन्ही चेंडू ग्रीनवर असतील आणि तुमचा पट दुसऱ्याच्या चेंडूला लागला, तर स्ट्रोक प्लेमध्ये थेट दोन फटके दंड. तुमचा चेंडू ग्रीनच्या कडेला वीतभर बाहेर असता तर काहीच नाही. म्हणून ग्रीनवर सगळे न सांगता नाणी काढतात, आणि मोह नेमका त्या कडेच्या बाहेर उभा असतो.

एकेकाळी या खेळात चेंडू न उचलणं हाच कायदा होता. मॅच प्लेमध्ये दोन चेंडूंत सहा इंचांहून जास्त अंतर असेल तर वाटेतला चेंडू तसाच राहायचा. मागच्याने वळसा घालून किंवा वरून उडवून खेळायचं. याला ‘स्टायमी’ म्हणत. १९३०च्या ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धेत, सेंट अँड्र्यूजला, बॉबी जोन्सने सिरिल टॉलीला एकोणिसाव्या होलवर हरवलं ते स्टायमीनेच. जोन्सने त्या वर्षी चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या मोसमाचा धागा त्या होलवर किती बारीक होता बघा. १९५२मध्ये ब्रिटन-अमेरिकेची संयुक्त संहिता आली आणि स्टायमी गेला. अडवणारा चेंडू उचलायचा हे तेव्हापासून सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. मदत करणारा चेंडू उचलायची सवय अजून तितकी रुळलेली नाही. अडचण झाली की तोंड उघडतं, सोय झाली की कोण बोलणार?

न उचलण्याच्या बाजूने एक कारण खरं आहे: वेळ. चाळीस पावलं चालत जा, खूण कर, परत ये, मागे दुसरा गट खोळंबलेला. २०१९च्या संहितेनेही भरभर खेळायला उत्तेजन दिलं आहे. चेंडू होलपासून पंधरा फूट बाजूला असेल तर मीही म्हणेन, राहू दे. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर ग्रीन इतकं ओलं असतं की चिप पडते तिथेच रुतून बसते, भिंतीची गरजच नाही. गंमत डिसेंबर-जानेवारीत येते. गवत सुकून ग्रीन वेगवान होतं, चेंडू थांबता थांबत नाही आणि होलमागचा तो एक चेंडू सोन्याच्या भावाचा होतो. अशा वेळी चेंडूचा मालक ग्रीनच्या कडेलाच उभा असतो, बहुतेक वेळा त्याची बॅग वाहणारा कॅडीही जवळच असतो आणि ग्रीनवर मालकाने सांगायची वाट न बघता तो चेंडू खूण करून उचलूही शकतो. वेळेची सबब तिथे टिकत नाही.

‘उचलू का?’ असं विचारायची पद्धतही मला खटकते. प्रश्न नम्र आहे, पण उत्तराचं ओझं तो चिप मारणाऱ्यावर टाकतो, आणि त्याने ‘नको, असू दे’ म्हटलं तर ‘ठरवलं की नाही’ हा वाद तिथेच जन्माला येतो. न विचारता पुढे होऊन नाणं ठेवणारा खेळाडू कुणालाच त्या कोड्यात टाकत नाही. आणि तो तसं करत नसेल तर गटातल्या तिसऱ्याने ‘जरा मार्क करता का?’ एवढंच म्हणावं. नियम त्याच्या बाजूने आहे. तरीही चेंडू उचलला नाही, तर दोन फटके न उचलणाऱ्याच्या कार्डावर चढतात.

पुढच्या भागात कबड्डी: चढाईवाल्याने ‘कबड्डी, कबड्डी’चा दम तोडला हे ठरवायचं कुणाच्या कानाने?