चिल्लरच्या पिशवीतली चांदी

मोबाइलवर एक व्हिडिओ सारखा फिरत असतो. अमेरिकेतला कुणीतरी बँकेतून नाण्यांची गुंडाळी आणतो, कागद फाडतो आणि अर्ध्या डॉलरच्या ढिगातून चांदीचं नाणं उचलून दाखवतो. व्हिडिओ बहुधा खराही असतो. तो पाहून यवतमाळातला एखादा तरुण बँकेच्या खिडकीवर चिल्लर मागायला गेला, तर रोखपाल त्याला आनंदानेच देईल. चिल्लर नेणारा माणूस बँकेला कधी नकोसा नसतो. नाणी बहुतेक शंभराच्या पाकिटात मिळतील. चांदी मात्र एकाही पाकिटात मिळणार नाही.

असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत १९६४ पर्यंतच्या डाइम आणि क्वार्टरमध्ये ९० टक्के चांदी होती आणि अर्ध्या डॉलरमध्ये १९७० पर्यंत ४० टक्के राहिली. ही नाणी तिथल्या सरकारने कधी रद्द केली नाहीत. ती आजही दर्शनी किमतीला चालतात, म्हणून एखाद्या आजोबांची बरणी नातवाने बँकेत रिकामी केली की चांदी पुन्हा गुंडाळीत शिरते. आपल्याकडे हा रस्ताच बंद झाला. राणी छाप, म्हणजे व्हिक्टोरियाचा रुपया, १९४१ मध्ये चलनातून गेला. एडवर्ड आणि जॉर्जचे चांदीचे रुपये पुढच्या दोन वर्षांत गेले. १९४० पासून पाडलेल्या रुपयात चांदी निम्मीच होती. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. तीही टिकली नाही. दुसऱ्या महायुद्धात भारताने अमेरिकेकडून सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी उधार घेतली होती आणि ती चांदीच्याच रूपात परत करायची होती. त्यासाठी ही नाणी गोळा करून गाळली गेली. १९४७ चा रुपया, ज्याच्या मागे वाघ आहे, तो निखळ निकेलचा.

स्वतंत्र भारतातही चांदीची नाणी निघाली. गांधीशताब्दीचं १९६९ चं दहा रुपयांचं नाणं पंधरा ग्रॅमचं आणि ८० टक्के चांदीचं होतं. पण ज्याच्या हाती ते लागलं, त्याने ते खर्चलं नाही, पेटीत टाकलं. त्यामुळे तेही बँकेच्या गल्ल्यात परत आलं नाही.

मग यवतमाळ जिल्ह्यातली चांदी गेली कुठे? बरीचशी सराफाकडे आणि अंगावर. पुसद, दिग्रस, दारव्हा या पट्ट्यातल्या बंजारा घरांत जुन्या रुपयांचे हार अजून आहेत. सराफाकडे मोडीत येणाऱ्या डागांतही राणी छाप सापडतो. आणि या घरांत दोन तऱ्हेचे जुने रुपये निघतात, त्याचं कारण पैनगंगा. नदीच्या अलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार चालायचा, पलीकडे माहूर-किनवटकडे निजामाचा हाली सिक्का. रेणुकेच्या यात्रेला आणि बाजाराला नदी ओलांडणारा माणूस दोन्ही नाणी बाळगून असणार, असं मला वाटतं. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा पुढे भाव ठरला होता. चारमिनार असलेल्या त्या निजामी रुपयात चांदी ८१.८ टक्के, कलदारात ९१.७ टक्के. म्हणून उमरखेडकडे आजीच्या गाठोड्यात चारमिनार निघाला, तर त्याला परदेशी किंवा खोटं नाणं समजू नका.

आता सर्वात हट्टी गैरसमज: नाणं जितकं जुनं तितकं महाग. १८६२ सालचा रुपया हातात आला की घरात चर्चा सुरू होते, फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो आणि कुणीतरी लाखाचा आकडा सांगतो. प्रत्यक्षात १८६२ हे साल टाकसाळीने १८७४ पर्यंत तसंच ठेवलं होतं. वर्ष बदलायचं, नाण्यावरचं साल बदलायचं नाही. पाडणीचा काळ ओळखता यावा म्हणून बारीक ठिपके द्यायचे. त्यामुळे हे नाणं अमाप आहे. त्याला चांदीचा भाव मिळतो, वर थोडंफार. १८४० सालच्या कंपनी रुपयाचीही तीच गोष्ट. उलट १९३९ चा जॉर्ज सहाव्याचा रुपया वयाने कितीतरी लहान, पण संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात, कारण तो फार थोडा बाहेर आला. म्हणूनच १९३८ च्या आठाचा नऊ करून विकणारेही निघाले. किंमत वयाची नसते. किती शिल्लक आहेत, किती जणांना हवंय आणि कोणत्या अवस्थेत आहे, यावर ती ठरते.

अवस्थेवरून एक विनवणी. सापडलेलं नाणं चिंच, राखुंडी किंवा पितांबरीने घासू नका. घासून चकचकीत केलेलं नाणं घरच्यांना आवडतं आणि संग्राहकाला नको असतं. हारात ओवण्यासाठी कडी डाखलेलं नाणंही संग्राहकाच्या हिशेबातून बाद होतं. पण म्हणून कुणी हार मोडायला निघू नये. कडी काढल्याने डाखाची खूण जात नाही, आणि माझ्या मते तो हार अखंड असताना जे आहे, ते सुट्या रुपयांत उरत नाही.

लोहचुंबकाची परीक्षा सगळेच सांगतात, अर्धवट. चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे खरं. पण चिकटलं म्हणजे नाणं खोटं, हे चूक. १९४७ चा आणि १९५० चा निकेलचा रुपया अस्सल असूनही टचकन चिकटतो. आणि न चिकटणारं प्रत्येक नाणं चांदीचं नसतं. ऐंशी-नव्वदच्या दशकातली तांबं-निकेलची नाणीही चिकटत नाहीत. त्यापेक्षा सराफाच्या काट्यावर वजन करा. इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो. ९१.७ टक्क्यांच्या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम चांदी, निम्म्या चांदीच्या रुपयात ५.८ ग्रॅम. मोडीचा भाव सांगताना हा फरक सराफाच्या ध्यानात असतो, गिऱ्हाइकाच्या नसतो.

तर मग बँकेचं पाकीट उघडण्यात अर्थच नाही? आहे, फक्त डोळ्यासमोर चांदी ठेवू नका. सालाखालची खूण बघा. चौकटीसारखा हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा. खूण नसेल तर ते कोलकात्याचं नाणं; ती टाकसाळीची चूक नव्हे आणि दुर्मिळताही नव्हे. चिल्लरची टंचाई असताना सरकारने परदेशात नाणी पाडून घेतली होती. १९८५ च्या रुपयावर सालाखाली इंग्रजी एच दिसला, तर तो बर्मिंगहॅमहून आलेला आहे आणि बाजूला ठेवण्यालायक आहे. तांबं-निकेलचं जाडजूड पाच रुपयांचं नाणं आता विरळ होत चाललंय. त्यातल्या धातूपायी ते बांगलादेशात दाढीच्या पात्यांसाठी जात असल्याच्या बातम्या गाजल्या होत्या. डॉ. आंबेडकरांचा १९९० चा रुपया, ज्ञानेश्वरांचा १९९९ चा रुपया, त्याच वर्षीचं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, ही आपल्या भागात श्रद्धेने जपली जातात. जपावीतच. पण ती मोठ्या संख्येने निघाली होती, त्यांना लाखाचा भाव नाही. वैष्णोदेवीच्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांबद्दल जे फिरतं, तेही तसंच.

आणखी काही गोष्टी झटपट. पिवळ्या वीस पैशांत सोनं नव्हतं. रंग तांब्याच्या मिश्रधातूचा. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली, पन्नास पैसे मात्र आजही वैध आहेत. दहाच्या नाण्याच्या चौदाही नमुन्यांना रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच वैध म्हटलंय. नाकारणारा दुकानदार चुकतो. राम-सीता-लक्ष्मण-हनुमान आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेलं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. तो देवळाचा टोकन-छाप माल आहे. तांदूळ ओढणारं ‘राईस पुलर’ नाणं तर जगात कुठेच नाही. ते दाखवणारा माणूस तुमच्याच खिशाकडे बघत असतो. फोनवर ‘रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, तुमचं नाणं लाखाला विकतो, आधी शुल्क भरा’ म्हणणारा त्याचाच भाऊबंद. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर सांगितलं की ती जुन्या नाण्यांची खरेदी-विक्री करत नाही आणि कसलंही शुल्क मागत नाही.

शेवटी शेतात नांगराला लागलेल्या हंड्याबद्दल. ‘माझ्या वावरात सापडलं म्हणजे माझंच’ हा समज महागात पडतो. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा माल जमिनीत सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, आणि लपवलं तर वर्षभराची कैद होऊ शकते. कळवलं तर मात्र सगळं सरकारजमा होतं असं नाही. मालक ठरला नाही, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश अशी वाटणी कायद्यात आहे. सरकारने तो माल स्वतःकडे घेतला, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त द्यावा लागतो.