दांताच्या मुळांतील वांकडी वाट

“दांताची नस मारली,” असें लोक सहज म्हणतात. आणि नस मेली, दुखणें थांबलें, म्हणजे उपचार संपला, अशी त्यांची समजूत असते. परंतु मूलनलिकेच्या उपचाराचें खरें प्रयोजन निराळें आहे. १९६५ सालीं अमेरिकेंत काकेहाशी, स्टॅन्ले आणि फिट्झजेराल्ड या शास्त्रज्ञांनीं उंदरांच्या दाढा कोरून आंतील मज्जा उघडी केली. सामान्य उंदरांची मज्जा कुजून मुळाशीं गळवें झालीं. जंतुरहित वातावरणांत वाढविलेल्या उंदरांची जखम मात्र भरून आली. खरा शत्रु जंतु होत, हें त्यावरून स्पष्ट झालें.

हे जंतु नुसत्या खरवडण्यानें निघत नाहींत. मूलनलिका ही सरळ गुळगुळीत नळी नव्हे. तिला फटी असतात, बारीक फांटे असतात आणि भोंवतालच्या दंतद्रव्यांत सूक्ष्म रंध्रें असतात. २००१ सालीं सूक्ष्म क्ष-किरणचित्रणानें पाहिलें असतां, निरनिराळीं उपकरणें वापरूनही नलिकेच्या भिंतीचा ३५ टक्के वा त्याहून अधिक भाग अस्पृष्टच राहिलेला आढळला. तेथील जंतु मारण्याची व कुजका अंश विरघळविण्याची भिस्त सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यावर असते. फाइल नांवाची बारीक कानस वाट करून देते. त्या वाटेनें जाऊन पाणी शुद्धि करतें. वाटच बिघडली तर शुद्धि कोठून होणार?

खालच्या जबड्यांतील पहिली दाढ घ्यावी. तिच्या पुढच्या मुळांत बहुधा दोन वांकड्या नलिका असतात. पोलादी फाइल जसजशी जाड घ्यावी तसतशी ती ताठ होते व सरळ जाऊं पाहते. वळणावर बाहेरची भिंत कोरली जाऊन तेथें पायरी पडते आणि पुढील प्रत्येक फाइल तिच्यावरच अडकते. पिचकारीच्या सुईंतून निघालेलें पाणी टोकापुढें फार थोडें, कित्येकदां एखाद-दोन मिलिमीटरच जातें. अर्थात् सुई पायरीपाशीं थांबली कीं खालचा भाग अस्वच्छ राहतो. छिललेल्या दंतद्रव्याचा चिखल टोंकाशीं दडपला गेला तरी परिणाम तोच.

ताठ फाइल शेवटपर्यंत नेऊन फिरविली, तर मुळाचें तोंड एका बाजूस अश्रुबिंदूसारखें फाटतें. एक भिंत अतिशय कोरली जाते. दुसरीस फाइल शिवतही नाहीं व तेथील जंतूंचें पटल टिकून राहतें. रुंदावलेल्या तोंडांतून औषधी पाणी बाहेर गेल्यास तीव्र वेदना व सूज येते. भिंतीस भोंक पडलें तर जंतूंना नवी वाटच मिळते.

याचा उपाय सावकाशपणांत आहे. प्रथम बारीक फाइल, तिला आधींच दिलेलें वळण, वारंवार धुणें, आणि मधून मधून बारीक फाइल पुन्हां घालून वाट मोकळी ठेवणें, ही जुनी रीत आजही खरी. १९८८ सालीं निकेल-टायटॅनियमच्या लवचिक फाइलींचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्या वांकड्या वाटेनें अधिक सहज जातात. तथापि त्याही तुटूं शकतात, आणि अडकलेला तुकडा वाट अडवितो.

पायरी पडली म्हणजे दांत गेलाच, असें नव्हे. कधीं ती ओलांडतां येते. आणि खालच्या भागांत जंतु पोंचलेच नसतील तर दांत स्वस्थही राहतो. मात्र नलिका आधींच सडलेली असेल, तर तेथें दडलेले जंतु पुढें डोकें वर काढण्याची भीति असते. म्हणून वेदना थांबल्या तरी रोग्यानें उपचार अर्धा टाकूं नये, आणि कांहीं महिन्यांनीं क्ष-किरणचित्र काढून घ्यावें. मुळाशीं असलेली काळी छाया विरत चालली आहे कीं नाहीं, हें त्यांतच दिसतें.